आधी काढायचं, मग घालायचं

लातूरच्या गंजगोलाई बाजारातली खरेदी आटपून आत्या घरी आली तेव्हा मी मागच्या गॅलरीत होते. निळ्या पिंपात पाणी होतं, तळाशी छोटा पंप घुमत होता आणि मी घरातल्या समुद्री माशांच्या टँकसाठी वजनकाट्यावर मीठ मोजत होते. आत्याने हातपाय धुतले, पदराला तोंड पुसलं आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिचं लक्ष आधी फिल्टरच्या दोन नळ्यांकडे गेलं. एका नळीतून थेंब थेंब पाणी कॅनमध्ये पडत होतं, दुसरीची बऱ्यापैकी धार बादलीत. "ह्यातलं चांगलं कंचं?" तिने विचारलं. मी कॅन दाखवला. तिने बोट बुडवून जिभेला लावलं, थोडं तोंडात घोळवलं. "चवच न्हाई ह्याला." बरोबर होतं तिचं. बोअरच्या पाण्यातले सगळे क्षार काढल्यावर उरलेलं ते पाणी, त्याला चव येणार कुठून? मग मी पिंपात मीठ सोडायला लागले तसं पाणी पांढरं गढूळ झालं आणि आत्या पुढे सरकली. हे कसलं मीठ, त्यात काय काय असतंय, तिने विचारलं. मी सांगितलं, साधं मीठ तर आहेच, शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम. आपल्या बोअरच्या पाण्याने भांड्यावर पांढरं बसतं ना, त्यातलंही थोडं. तिने पिंपाकडे पाहिलं, फिल्टरकडे पाहिलं. "म्हंजे आदी काढायलीस, अन् मंग त्येच पुन्ना घालायलीस. मंग काढायलीस कामून?" मी काही बोलायच्या आत तिची नजर बादलीकडे गेली. बादली काठोकाठ भरली होती. "अन् हे एवढं पाणी?" असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. दुसऱ्याचं येत नव्हतं.

आत्याचं गाव औसा तालुक्यात. तिच्या लग्नानंतरची बरीच वर्षं गावात आडाचं पाणी होतं, मग आड आटले, मग बोअर आले, आणि बोअर खाली खाली जात राहिले. जितकं खोल तितकं पाणी जड, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. ती पाण्याला डाळीवर जोखते. तुरीची डाळ ज्या पाण्यात मऊ शिजते ते गोड पाणी, ज्यात दाणा दाणा वेगळा राहतो, घोटलं तरी घोटत नाही, ते जड पाणी. यामागचं कारण मी पुढे वाचलं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाण्याला चिकटवून धरणाऱ्या पदार्थाला, घट्ट बांधून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. आत्याला पेक्टिन ठाऊक असण्याची गरज कधी पडली नाही. पिण्याचं पाणी, डाळीचं पाणी, धुण्याचं पाणी आणि जनावरांचं पाणी असे तिच्या घरात चार वेगळे साठे असायचे, आणि कुठल्या हंड्यातलं पाणी कुठे वापरायचं यात लेकरांनी चूक केली तर तिचा आवाज शेजारच्या वाड्यापर्यंत जायचा. सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो की आंघोळीच्या पाण्याने केसांना साबण लावायचो आणि फेसच यायचा नाही, केस नुसते चिकट व्हायचे. मग ती डाळीच्या हंड्यातलं एक तांब्या पाणी शेवटी डोक्यावर ओतायची. तो तांब्या म्हणजे लाड होता, हे तेव्हाही कळत होतं.

मी लातुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मीठ हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. सिरम सोडियम, म्हणजे रक्तातलं सोडियम, १३५ ते १४५, पोटॅशियम साडेतीन ते पाच, क्लोराईड शंभराच्या आसपास. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. सोडियम ११८ आलेल्या म्हाताऱ्या माणसाचं सँपल हातात असताना वर वॉर्डात काय चाललं असेल तेही कळतं. माणसाचं अंग मिठाच्या किती अरुंद पट्ट्यात जगतं हे दिवसभर बघून संध्याकाळी घरी यायचं आणि पुन्हा मिठाचंच पाणी मोजायचं, यात मला विसंगती कधी वाटली नाही. बदली होऊन पुण्याला निघालेल्या एका डॉक्टरांनी जाताना त्यांचा टँक मला दिला. १२० लिटरचा, थोडे दगड, दोन क्लाउनफिश. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, मोठी मादी आणि तिच्या मागे मागे फिरणारा लहान नर. मादी गेली तर नराचीच मादी होते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई कितीतरी वेळ काचेसमोरून उठल्या नव्हत्या. समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही.

समुद्राचं पाणी कोकणातून का आणत नाहीस, असं पुष्कळ जण विचारतात. येणारी-जाणारी गाडी असते, दोन कॅन भरून आणायला काय लागतं? पण किनाऱ्याजवळचं पाणी म्हणजे समुद्र असतोच असं नाही. पावसाळ्यात नद्या उतरतात तेव्हा तिथला खारटपणा खूप उतरतो, आणि कॅनमध्ये कोंडलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव वाटेतच मरून ते पाणी कुजायला लागतं. दुसरा सल्ला खडेमिठाचा. हा सल्ला जास्त विचार करायला लावणारा आहे, कारण खडेमीठ खरोखर समुद्राचंच असतं. पण मिठागरात पाणी उन्हात आटत जातं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुन्याचा क्षार बसतो, मग जिप्सम, मग आपलं खायचं मीठ. ते मीठ ओढून घेतात तेव्हा मॅग्नेशियम आणि पोटॅशियम वरच्या कडवट पाण्यात शिल्लक राहिलेलं असतं, आणि ते पाणी सोडून देतात. म्हणजे मिठागरातून आपल्याकडे येतो तो समुद्राचा एक हिस्सा. तो पाण्यात विरघळवला तर खारट पाणी मिळतं, समुद्र परत मिळत नाही. मासे काही दिवस तग धरतील, दगडावरचे जीव तेवढेही नाही.

म्हणून बादलीतलं तयार मीठ आणावं लागतं. ते मागवून घ्यायचं, आणि आलं की आधी बादली आडवी करून घरभर लोळवायची. प्रवासात हादरे बसून जड कण तळाशी आणि हलके वर गेलेले असतात, वरच्या चमच्यात आणि तळाच्या चमच्यात फरक पडतो. बादली उघडल्यावर खडूचा कोरडा वास येतो. इथल्या उन्हाळ्यात हे मीठ मोकळं, सळसळीत राहतं. जून उजाडला की आठवडाभरात गुठळ्या धरायला लागतं, कारण त्यातला मॅग्नेशियमचा क्षार हवेतलं पाणी ओढतो. पाऊस आला हे मला कधीकधी आभाळाच्या आधी या बादलीवरून कळतं.

कालवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी, मग पंप चालू, मग मीठ, तेही मुठीमुठीने. उलटं केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी अतिशय दाट द्रावण होतं आणि त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना गाठतात. त्यांचा चुना होतो, पांढरा, आणि तो पुन्हा विरघळत नाही. वजन बरोबर, पाणी बरोबर, तरी समुद्र बिघडतो. साध्या हिशेबाने लिटरला ३५ ग्रॅम लागायला हवेत, पण तयार मिठात क्षारांसोबत थोडं पाणीही बांधलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात ३७-३८ ग्रॅम घ्यावे लागतात. पंधरा लिटरला मी ५६० ग्रॅम घेते आणि उरलेलं मापून बघत वाढवते. मीठ पडल्यावर पाणी पातळ ताकासारखं दिसतं. मग हळूहळू मधला भाग निवळतो, पिंपाची निळी भिंत दिसायला लागते, पंपाची वायर दिसते, शेवटी तळ दिसतो. हे बघत बसायला मला आवडतं. कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना मी अधूनमधून डोकावते. रात्रभर फिरू दिलं की सकाळी पाणी इतकं स्वच्छ असतं की पिंपात काही आहे की नाही हे कळायला हात घालावा लागतो, आणि हात वाळल्यावर बोटांच्या रेषांत मीठ दिसतं.

मग मोजणं.

दुकानात प्लॅस्टिकच्या डबीतला एक काटा मिळतो, पाण्यात उचलला जाणारा. त्याच्या दांडीला हवेचा एक बुडबुडा चिकटला की तो खोटं बोलतो, पाणी आहे त्यापेक्षा खारट दाखवतो. मी रिफ्रॅक्टोमीटर वापरते, पाण्यातून उजेड किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र. वीतभर लांबीची नळी, एका टोकाला तिरकी काच. काचेवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण हलकेच खाली आणायचं, खाली हवा राहिली तर पुन्हा पुसायचं, मग अर्धा मिनिट थांबायचं म्हणजे थेंबाचं आणि काचेचं तापमान एक होतं. नंतर उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्ही जिथे भेटतात ती रेघ. ती रेघ ३५ वर हवी, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या घनतेच्या मापावर १.०२६. पहिल्यांदा ती रेघ स्वच्छ दिसली तेव्हा सोलापूरच्याही पलीकडे न गेलेल्या माझ्या सासूबाईंना मी गॅलरीत बोलावून ती दाखवली होती. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सगळीकडचा समुद्र एवढाच खारा असतो का गं?" साधारण तेवढाच, मी म्हटलं. तांबडा समुद्र जास्त, नद्यांच्या तोंडाशी कमी, पण मोकळ्या महासागरात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आगेमागेच.

लॅबमध्ये सकाळी पेशंटचं एकही सँपल लावण्याआधी आम्ही कंट्रोल चालवतो. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सँपल मशीनला द्यायचं आणि मशीन ते उत्तर देतं का बघायचं. घरी हीच सवय माझ्यासोबत आली. पुष्कळ लोक रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर लावतात आणि निर्धास्त होतात. पण स्वस्तातली बरीच यंत्रं मुळात मिठाच्या पाण्यासाठी, म्हणजे नुसत्या सोडियम क्लोराईडसाठी आखलेली असतात. ३५ चं समुद्राचं पाणी त्यांच्यावर साडेछत्तीस दिसतं. म्हणून ३५ चं तयार द्रावण आणून ते त्या खुणेवर बसवून घ्यायचं. शून्य बरोबर आहे म्हणून पस्तीस बरोबर असतं असं नाही, आणि आपल्याला राहायचं असतं पस्तिसाजवळ. एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट आड येते. या यंत्रातली तापमानाची दुरुस्ती साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. दुपारी ४२ चा पारा असताना गॅलरीत घेतलेलं माप मी धरतच नाही. त्या महिन्यांत माझं मोजणं पहाटे, नळाची वाट बघत बसलेल्या बायकांच्या बोलण्याच्या आवाजात होतं.

उन्हाळ्यात टँकमधलं पाणी डोळ्यांदेखत कमी होतं. आमच्याकडची हवा इतकी कोरडी की दिवसाला दोन-अडीच लिटर सहज उडतं. पाणी थंड राहावं म्हणून वर लावलेला पंखा त्यात भर घालतो; दोन-तीन अंश उतरवतो खरा, पण त्याची किंमत वाफेतच वसूल करतो. उडतं ते फक्त पाणी. मीठ सगळंच्या सगळं मागे राहतं, काठावर पांढरी खरखरीत नक्षी चढवतं, आणि उरलेलं पाणी एका दिवसात पस्तिसाचं पावणेछत्तीस व्हायला निघतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं पाणी घालत राहिलं तर थोड्या दिवसांत टँकमध्ये मिठागराची सुरुवात होईल.

आणि माशाला हे फार लवकर कळतं. समुद्रातल्या माशाच्या रक्तात मीठ असतं ते बाहेरच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे आपल्या रक्ताच्या बरंच जवळ. बाहेर खारट, आत कमी खारट, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी कल्ल्यांतून सतत बाहेर ओढलं जातं. त्याला सारखं पाणी प्यावं लागतं. प्यायलेल्या पाण्यातलं जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींकडून परत बाहेर टाकावं लागतं, आणि त्या कामाला त्याची शक्ती खर्च होते, रात्रंदिवस. नदीतल्या माशाचं उलट. पाणी आपोआप आत येत राहतं, तो पितच नाही, नुसता लघवी करत राहतो. हे वाचल्यापासून क्लाउनफिशचं उघडमीट होणारं तोंड मला वेगळं दिसतं. डोक्यावरून पाणी आहे आणि तहान संपत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी करायला बंदी होती, जमावबंदीचं कलम लागलं होतं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली गाडी आली, दहा डबे, पाच लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या आल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. आमच्या गल्लीतली पोरं ती गाडी बघायला स्टेशनवर गेली होती आणि परत आल्यावर पाण्याबद्दल न बोलता डब्यांच्या रंगाबद्दल बोलत होती. मोठी माणसं मात्र लिटर मोजत होती. घरातल्या प्रत्येक भांड्याचं माप तेव्हा पाठ झालं, कुठली कळशी बाराची, कुठली पंधराची. माझी सासू वरच्या रांजणात वेळूची काठी उभी करून उरलेलं पाणी बघायची. ती काठी अजून माळ्यावर आहे. टाकायला कुणाचा हात होत नाही.

त्या घरात आता मी समुद्र करते.

हिशेब मी मांडलेला आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचं, उन्हाळ्यात वर सोळा-सतरा लिटरची भर, म्हणजे आठवड्याला तीस-बत्तीस लिटर शुद्ध पाणी. माझा फिल्टर एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाजूला काढतो. शंभराच्या आसपास झाले. हे पाणी बिल्डिंगच्या बोअरचं, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ९०० चा. बादलीत पडतं ते बाराशेच्या घरात जातं. फरशी, संडास, गाडी धुणं आणि पायपुसणी यांत ते सगळं खपतं, एक बादली मोरीत ओतलेली मला आठवत नाही. तरीही आत्याच्या नजरेला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. फरशी पुसायला लागलं असतं ते पाणी, हे खरं आहे. दोन माशांसाठी ते जमिनीतून वर ओढलं, हेही खरं आहे. मी यावर बरेचदा विचार केलाय आणि एवढंच ठरवलंय की टँक यापेक्षा मोठा करायचा नाही, आणि गल्लीत पुन्हा टँकर सुरू झाले की मासे पुण्याला डॉक्टरांकडे पाठवायचे. त्यांच्याशी तसं बोलून ठेवलंय. मासे आवडतात म्हणून हे ठरवणं सोपं गेलं नाही, आणि ठरवल्यामुळे अवघडलेपण गेलं असंही नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला आत्याला नीट द्यायचं होतं. समुद्राबद्दलची मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट त्यात आहे. १८१९ मध्ये अलेक्झांडर मार्सेटने वेगवेगळ्या समुद्रांचं पाणी तपासून म्हटलं की खारटपणा कमीजास्त असेल, पण क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे तेच असतं. पुढे चॅलेंजर नावाचं जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरलं, आणि त्यावरून आलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमारने तपासून १८८४ मध्ये आकडे छापले. प्रमाण खरोखर तेच होतं. क्लोराईड ५५ टक्के, सोडियम तीसच्या वर, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. या सहांतच ९९ टक्के मीठ संपतं. पाणी आटलं, पाऊस पडला, नदी मिळाली, तरी मोकळ्या समुद्रात हे नातं हलत नाही. म्हणून तर एका थेंबातून वाकणारा उजेड पाहून मी सगळ्या क्षारांचा अंदाज बांधू शकते. बोअरचं पाणी असं नसतं. आमच्या बिल्डिंगच्या बोअरमध्ये एक, समोरच्या वाड्यात दुसरं, आणि पावसाळ्यानंतर दोन्हींत तिसरंच. त्यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, पण किती, आणि सोबत काय काय आहे ते सांगता येत नाही. मी कॅल्शियम काढत नाही, मी अनोळखी काढते, असं मला आत्याला सांगायचं होतं. फोनवर ते जमलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमच्या बोअरात काय हाय ते कळंल का तुझ्या त्या मशिनीनं?"

पुढच्या खेपेला ती तीन बाटल्या घेऊन आली. एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीला हिरवा, तिसरीला काही नाही. लाल म्हणजे देवळामागचा बोअर, हिरवा घरचा, गोठ्याजवळचा, आणि बिनदोऱ्याची बाटली माळावरच्या जुन्या विहिरीची. मी काही करण्याआधीच तिने क्रम सांगून टाकला. डाळीला सगळ्यात वाईट लाल, मग विहीर, आणि सगळ्यात गोड घरचा हिरवा. टीडीएस मीटर बुडवला तर लाल ११८०, विहीर ६४०, आणि हिरवा १३१०. घरचं गोड पाणी सगळ्यात क्षारयुक्त निघालं. आत्याचा चेहरा पडला, पण मला मीटरवर विश्वास ठेवावासा वाटेना. मी टँकसाठी आणलेलं कॅल्शियमचं किट काढलं, थेंब मोजत गेले. लाल बाटलीला रंग बदलायला सगळ्यात जास्त थेंब लागले, हिरवीला सगळ्यात कमी. आत्याची डाळ बरोबर होती. मीटर नुसती वीज किती वाहते ते बघतो आणि सगळे क्षार एका आकड्यात कोंबतो. डाळीला छळणारं कॅल्शियम आणि डाळीला न छळणारं सोडियम त्याच्या लेखी सारखंच. डाळ तसं करत नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती नुसतं "मंग!" म्हणाली.

मग नायट्रेटचं किट. टँकमध्ये ते दर आठवड्याला वापरावं लागतं, माशांच्या विष्ठेतून शेवटी तेच साठतं. विहिरीचं पाणी फिकट गुलाबी झालं, लालचं त्याहून थोडं गडद. हिरव्या दोऱ्याची बाटली कार्डावरच्या शेवटच्या रंगाजवळ गेली. पुन्हा केलं, नव्या नळीत. तेच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची हद्द लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणी नसलं तरी तिथे सूट नाही. त्याला वास नसतो, रंग नसतो, जिभेवर तर ते मुळीच सापडत नाही, डाळीतही नाही. गोठ्याच्या उकिरड्यातून, शेतातल्या युरियातून ते खाली झिरपतं. मोठ्यांपेक्षा तान्ह्या लेकराला जास्त बाधतं, रक्त प्राणवायू नेईनासं होतं, अंग निळसर पडतं. आत्याच्या सुनेचं बाळ पाच महिन्यांचं आहे, त्याला वरचं दूध सुरू झालंय, आणि त्याच्यासाठी पाणी या बोअरचंच, कारण तेच सगळ्यात गोड. "आमी उकळून देतो की," आत्या म्हणाली. उकळल्याने जंतू मरतात, आत्या, पण वाफ होऊन जातं ते पाणी; हे तसंच मागे राहतं, उलट दाट होतं. टँकच्या काठावरची पांढरी नक्षी मी तिला दाखवली. तिने नखाने ती खरवडली, बोटावर घेऊन पाहिली.

"म्हून काढायलीस व्हय तू सगळं," ती म्हणाली.

घरच्या किटवर कुणाच्या लेकराचं ठरवू नये, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. लॅबमध्येही आम्ही शंका आली की सँपल पुन्हा घेतो, दुसरीकडे पाठवतो. जलजीवन मिशन या सरकारी पाणीयोजनेत गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं असतं. आत्याच्या गावात ते किट आलंय का, आणि आलं असेल तर कुणाच्या कपाटात आहे, हे ती ग्रामपंचायतीत जाऊन विचारणार आहे, आणि तिने विचारलं म्हणजे उत्तर मिळेल. हिरव्या दोऱ्याच्या बोअरचं ताजं पाणी स्वच्छ बाटलीत, बर्फात ठेवून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिलंय. फ्लोराईडही बघा, असं मी फॉर्मवर लिहिलं. रिपोर्ट अजून यायचाय. तोवर बाळाचं पाणी माळावरच्या विहिरीचं, उकळून. विहीर घरापासून पाऊण किलोमीटर आहे, आणि ते आणायचं काम आत्याने सुनेला न लावता लेकाला लावलंय.